नवं घर, अर्धी उघडलेली खोकी आणि माझी वही

अक्षय तृतीयेच्या आसपास आम्ही डोंबिवली सोडून पुण्यात कोथरूडला राहायला आलो, आता श्रावण अर्ध्यावर आलाय, तरी फोनवर प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, काय मग, लागलं का घर? आणि दरवेळी मी "हो, होतंय हळूहळू" म्हणते, कारण घर लागणं म्हणजे काय हे आमच्याच घरात चार जणांचं चार प्रकारचं आहे. नवऱ्याच्या दृष्टीने वायफाय आणि इन्व्हर्टर लागला त्या दिवशीच घर लागलं. सासूबाईंसाठी दूध उतू घातलं, देव मांडले, कुंडीत तुळस लावली की झालं. लेकीचं म्हणणं जोपर्यंत खाली खेळायला मैत्रीण मिळत नाही तोपर्यंत हे घर नाहीच (मिळाली, तिसऱ्या मजल्यावरची, आता ती आमच्याकडेच जास्त असते). आणि माझ्यासाठी घर लागतं ते वहीत आलं की. आजची पोस्ट त्याच्याबद्दलच आहे, घर बदलण्याच्या सगळ्या धबडग्यात जर्नलिंगला (म्हणजे वहीत रोजचं थोडं लिहिणं, कागद चिकटवणं, रंगवणं) वेळ कसा काढला हे बऱ्याच जणींनी विचारलं होतं म्हणून.

थोडं मागचं सांगते. लग्न झाल्यापासून आम्ही भाड्याच्या घरात. दर अकरा महिन्यांनी नवीन अ‍ॅग्रीमेंट, दरवेळी धाकधूक की मालक वाढवून किती मागतील, भिंतीला खिळा ठोकायचा तर आधी फोन करून विचारायचं, त्यामुळे कुठल्याच घराशी फार सलगी करायची नाही अशी एक सवयच लागून गेलेली. आता हे स्वतःचं घर, कर्जाचे हप्ते आहेतच पण स्वतःचं, आणि मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की याची नीट ओळख करून घ्यायची, घाईघाईत नुसतं सामान लावून मोकळं नाही व्हायचं.

सगळे म्हणत होते आधी घर लाव, मग तुझे रंग-बिंग काढ. नवीन घरात जाणाऱ्या प्रत्येक बाईला हे ऐकावं लागत असेल. मला हे अजिबात पटत नाही आणि मी ते मुद्दाम इथे लिहितेय. एकतर घर कधी "लागून झालं" असं होतच नाही, एक कपाट लागलं की माळा राहतो, माळा झाला की बाल्कनीचं ग्रिल, मग पाहुणे, मग सण. आणि दुसरं म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत घर जसं दिसतं तसं ते नंतर कधीच दिसत नाही. नवीन असताना आपल्याला सगळं कळत असतं, लिफ्टचा आवाज, जिन्यातला फिनेलचा वास, कुठल्या घरातून सकाळी तंबोरा ऐकू येतो, कुठला नळ सोडला की पाईप घुर्र करतो, आणि महिन्या-दोन महिन्यात हे सगळं कान-डोळे ऐकायचं बघायचं बंद करतात, सवय होते. मग घर लागल्यावर निवांत वही उघडली तरी लिहिणार काय? म्हणून माझं ठाम मत आहे की खोकी उघडायच्या आधी वही उघडायची. सामान बांधतानाच मी एका खोक्यावर मोठ्या मार्करने "आधी हे" लिहिलं होतं, त्यात चहाचं भांडं, गाळणं, साखर-पावडरचे डबे, चार्जर, सगळ्यांचे टॉवेल आणि माझी वही-पेन-गमस्टिक. इतकंच. रंग, स्टॅम्प, कात्र्या सगळं दुसऱ्या खोक्यात आणि ते खोकं मी मे अखेरपर्यंत उघडलंच नाही, गरज पडली नाही.

वहीबद्दल नेहमी विचारणा होते म्हणून सांगते. ए-५ आकार, म्हणजे १४८ बाय २१० मिलीमीटर, साध्या ए-४च्या बरोबर निम्मी, उघडली की दोन पानं मिळून एक ए-४ होतो त्यामुळे बिलं-बिलं एक घडी घालून मावतात. कागद १०० जीएसएमच्या वर. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, शाळेच्या वह्यांचा कागद साधारण पन्नास-साठच्या घरात असतो, त्यावर शाईपेन चालवलं तर मागच्या पानावर सगळं उमटतं. जलरंग नीट करायचे असतील तर दोनशेच्या पुढेच जावं लागतं पण तशी वही जाड होते, पर्समध्ये मावत नाही. मी थोडासाच रंग लावते, फार पाणी न घेता, त्यामुळे मला १००-१२० पुरतो.

ही वही मी अप्पा बळवंत चौकातून आणली. पुण्यात आल्याचा हा मोठा फायदा, वनाझहून मेट्रो पकडायची, पीएमसीला, म्हणजे महापालिकेच्या स्टेशनला उतरायचं, नवा पूल ओलांडून शनिवारवाड्यावरून चालत गेलं की अप्पा बळवंत चौक, पुस्तकं आणि स्टेशनरी, दोन तास कसे जातात कळत नाही. जूनमध्ये जाऊ नका एवढंच सांगते, शाळा सुरू व्हायच्या दिवसात पाय ठेवायला जागा नसते. आणि शिवाजीनगरला के. बी. जोशी पथावर हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथला कागद सुती कापडाच्या कतरणींपासून करतात, लाकडाचा लगदा नाही. हाताला इतका छान लागतो की लिहायच्या आधी मी नुसता हात फिरवत बसते. खरखरीत कागदावर शाईपेन घेतलं तर शाई फुटते, तिथे पेन्सिल किंवा जलरंगच बरा, पण पानं जोडायला, खिसे करायला, पाकिटं करायला याच्यासारखा कागद नाही.

आणि शाई-रंग कॅम्लिनचेच, यात मी भावनिक आहे. गिरगावात १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाई बनवायला सुरुवात केली, तेव्हा ती हॉर्स ब्रँड नावाने विकायची, उंट नंतर आला. आता त्यात जपानच्या कोकुयोचा मोठा हिस्सा आहे पण रंगाच्या वड्यांची ती डबी उघडली की मला अजूनही चौथीची चित्रकलेची परीक्षा आठवते. महागडे इंपोर्टेड रंग घेऊच नका असं नाही म्हणत मी, पण सुरुवात करायला ते लागत नाहीत एवढं नक्की.

आता वेळेचं. खरं सांगायचं तर मी "मला वेळ" म्हणून वेगळा तास काढत नाही, नोकरी, घर, लेकीची नवीन शाळा, प्लंबर-सुतार-इलेक्ट्रिशियन यांच्या येण्या-न येण्याच्या वेळा, यात तास मिळत नाही आणि मिळेल याची वाट बघत बसलं की वहीवर धूळ बसते. मी ओट्यावर लिहिते. उभ्याने. कुकर लावला की पहिल्या शिट्टीपासून वरण-भात होईपर्यंत जो वेळ असतो तो माझा. त्या वेळात एक चौकोन भरतो, चार ओळी होतात किंवा एक बिल चिकटवून होतं. आमच्या ओट्याला उजव्या कोपऱ्यात खिडकीशी हातभर जागा मोकळी आहे, मिक्सर तिथे ठेवायचा असं ठरलं होतं, मी म्हटलं मिक्सर डावीकडे जाईल, ही जागा माझी. टेबल सुताराकडे करायला टाकलंय, सुतार "पुढच्या सोमवारी नक्की" म्हणतोय, येईल तेव्हा येईल, पण टेबल आल्यावर लिहीन असं ठरवलं असतं तर हे चार महिने कोरेच गेले असते.

रविवारी दुपारी मात्र सगळे झोपले की मी तासभर घेते, तेव्हा चिकटवाचिकटवी, रंग, कापाकापी. आठवडाभर जमवलेले कागद तेव्हा निघतात.

सासूबाईंची गंमत सांगते, गंमत म्हणजे कौतुकच. त्या डायरी लिहीत नाहीत पण त्यांचं कालनिर्णय बघा. १९७३ पासून हे कॅलेंडर निघतंय आणि लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या स्वयंपाकघरात ते आहेच. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात दूध किती, बाईंचा खाडा, सिलिंडर कधी लावला, कुणाची डिलिव्हरी झाली, कुणाकडे हळदीकुंकू, पाऊस पडला तर एक छोटा ठिपका. गावाकडे पावसाचा हिशोब ठेवायची सवय, ती मुंबईत आली, आता पुण्यातही आली. शिफ्टिंगमध्ये मला त्यांची जुनी कालनिर्णयं सापडली, सुतळीत बांधलेली, आणि त्यात नवऱ्याचा पहिला दात पडल्याची तारीख आहे, सासरे रिटायर झाले त्या चौकोनात फक्त "हे घरी" असं लिहिलंय. मला ते वाचून गलबलून आलं. आपण बुलेट जर्नल (कामं आणि नोंदी छोट्या मुद्द्यांत लिहायची वही), हॅबिट ट्रॅकर (सवयींची रोजची नोंद) म्हणतो, २०१३ साली रायडर कॅरोल या अमेरिकन डिझायनरने बुलेट जर्नलची पद्धत जगापुढे मांडली आणि ती खरंच चांगली आहे, मी वापरते, पण रोज एका चौकोनात दिवस मावेल इतकंच लिहायचं हे आपल्या आया-सासवा भिंतीवर कधीपासून करत आल्यात. मी त्यांच्याच पद्धतीने वहीत महिन्याचं एक पान चौकोनांचं करते. त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, "अगं मग त्यात पाणी किती वाजता येतं तेही लिही, रोज वॉचमनला विचारायला नको." लिहिलं. आता तो कोपरा घरात सगळ्यात जास्त वाचला जातो.

आता ज्या पानावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे त्याबद्दल. घरात आल्यावर पहिल्या आठवड्यात मी हॉलचा साधा नकाशा काढला, पट्टी-बिट्टी न घेता, आणि खिडकीतून ऊन जमिनीवर कुठे पडतं ते पेन्सिलने मार्क करायला लागले. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी आणि साडेपाचला, बाजूला तारीख. प्रत्यक्ष फरशीवर खडूने खूण करायची आणि मग वहीत उतरवायची, लेकीला हे काम फार आवडलं, खडू तिच्या ताब्यात. मे महिन्यात तेरा-चौदा तारखेच्या आसपास पुण्यात शून्य सावली असते, दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर, त्या दिवशी आम्ही दोघी गच्चीवर तेलाची रिकामी बाटली उभी करून बसलो, सावली आक्रसत आक्रसत बाटलीच्या बुडाखाली गेली. आणि त्यानंतरची जी गोष्ट आहे ती मला या वहीमुळेच कळली. आमची स्वयंपाकघराची बाल्कनी उत्तरेला आहे, बिल्डरपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं की तिथे ऊन नाही येणार, झाडं लावू नका. पण शून्य सावलीच्या दिवसानंतर जुलै संपेपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, पृथ्वीचा आस कलता असल्यामुळे सूर्य कर्कवृत्तापर्यंत वर जाऊन परत येतो आणि पुणे त्या वाटेत दोनदा लागतं. त्यामुळे मे अखेरीला आमच्या उत्तरेच्या कठड्यावर भर दुपारी बोटभर रुंद उन्हाची पट्टी पडली. आणि सकाळी तर तिरकं ऊन थेट ओट्याच्या कोपऱ्यापर्यंत, जिथे मी लिहिते तिथे. मी त्या पट्टीला पिवळी जलरंगाची एक रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. नंतर पाऊस आला, ढग आले, पट्टी गेली, पण मी कठड्यावर पुदिना आणि ओव्याच्या कुंड्या तेव्हाच लावून टाकल्या होत्या आणि त्या छान धरल्यात. दिवाळीला ऊन दक्षिणेच्या खिडकीतून किती आत येतंय ते बघायचंय, हॉलचा सोफा कुठे ठेवायचा ते त्यावर ठरणार. वर्षभर हे पान चालू ठेवणारे मी.

फर्निचरवरून आठवलं, वॉशी टेप. जपानी कागदी चिकटपट्टी, आता सगळीकडे मिळते. ती बनवणारी कुराशिकीची कामोई काकोशी ही कंपनी १९२३ साली माशा पकडायचे चिकट कागद बनवायची, मग रंगकामाला लागणारी मास्किंग टेप करायला लागली, आणि २००६ मध्ये काही बायका, ज्या ही टेप कलाकामात वापरत होत्या, त्या कारखाना बघायला गेल्या आणि त्यांच्यामुळे रंगीत टेप निघाली. मला ही हकीकत फार आवडते. टेप मुळात रंगकामाचीच, भिंतीवरून निघते आणि डाग पडत नाही, तर मी ती फरशीवर लावून टेबलाचा, दिवाणाचा, कपाटाचा आकार आखला. चार दिवस आम्ही नसलेल्या टेबलाला वळसा घालून चालत होतो. त्यातून कळलं की टेबल तीन इंच कमी रुंद हवं नाहीतर फ्रिजचं दार पूर्ण उघडत नाही, सुताराला तेच माप दिलं. त्या टेपचे तुकडे काढून वहीत त्याच पानावर लावलेत, मापांसकट.

चिकटवण्याबद्दल दोन कामाच्या गोष्टी सांगते, कारण पावसाळ्यात खूप जणींची जर्नलं खराब होतात. दुकानातली जी गुळगुळीत बिलं असतात ती थर्मल कागदावरची, त्यात शाई नसतेच, उष्णतेने अक्षर उमटतं आणि वर्षभरात उडतं. नवीन घराच्या पहिल्या किराण्याचं बिल, पहिल्या हॉटेलचं बिल जपायचं असेल तर झेरॉक्स काढून ती चिकटवा किंवा निदान रक्कम आणि तारीख बाजूला पेनाने लिहा. ओव्हनजवळ किंवा उन्हात तर ठेवूच नका. आणि दुसरं, कसर. नवीन घरात सिमेंट अजून ओलसर असतं, त्यात पावसाळा, कसर कागद आणि खळ दोन्ही खाते. माझे आजोबा वह्यांना पुठ्ठे बांधायचे, ते मैद्याची खळ करताना त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे, त्याने कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं म्हणून लहान मुलं असलेल्या घरात मी तो प्रकार करत नाही, मी आपली फेव्हिकॉलची पातळ बोटं ओढते आणि वहीच्या मागच्या खिशात वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी ठेवते. वही कपाटाच्या खालच्या खणात ठेवत नाही, भिंतीला टेकूनही नाही.

फुलंही चिकटवते, पण पारिजातकाचं एक सांगते. सोसायटीच्या गेटपाशी झाड आहे, सकाळी सडा पडतो. त्याच्या देठात केशरी रंग असतो, पूर्वी त्याने कापड रंगवायचे. फूल थेट पानात दाबलं तर तो रंग कागदावर उतरतो आणि मागच्या पानालाही लागतो, मला तो डाग सुंदर वाटतो म्हणून मी मुद्दाम दाबते, पण स्वच्छ पान हवं असेल तर आधी वर्तमानपत्रात दोन-तीन दिवस, वर पाटा ठेवून, मग वहीत.

सुटे कागद खूप जमतात. वास्तुशांतीच्या पत्रिकेचं पाकीट, रंगाचं शेडकार्ड (आम्ही शेवटी त्यातला कुठलाच निवडला नाही, पांढराच लावला), फरशीच्या दुकानाची चिठ्ठी, मुव्हर्सवाल्यांनी दिलेली खोक्यांची यादी, सोसायटीच्या मेंटेनन्सची पहिली पावती. हे सगळं लगेच चिकटवत नाही. पुण्यात पेशवे दप्तर आहे ना, तिथे मोडीतले जुने कागद कापडाच्या रुमालांत बांधून ठेवायची पद्धत, ते मला फार शहाणपणाचं वाटतं, कापडातून हवा खेळते, प्लॅस्टिकच्या फोल्डरसारखं दमट होत नाही. मी आईच्या एका विरलेल्या सुती साडीचे चौकोन फाडले आणि प्रत्येक महिन्याचा एक रुमाल केला. रविवारी त्या महिन्याचा रुमाल सोडायचा, जे चिकटवावंसं वाटेल ते चिकटवायचं, बाकी परत गाठ.

डोंबिवलीची पानंही याच वहीत आहेत, सुरुवातीलाच. नवीन घराच्या आनंदात जुन्याबद्दल वाईट वाटतं हे बोलायला लोक कचरतात, मी नाही कचरत, मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. फडके रोडवरची दिवाळी पहाट, नवे कपडे घालून नुसतं उभं राहायला आलेली ती गर्दी, गणेश मंदिरातून खाली उतरताना येणारा तळणीचा वास, लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणी ज्यांची आडनावं मला कधी कळली नाहीत पण ज्यांनी माझ्या सातव्या महिन्यात मला रोज बसायला जागा दिली. शेवटच्या महिन्याचा पास चिकटवलाय. घर रिकामं केल्यावर स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर लेकीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, चौकट तर आणता येत नाही, म्हणून मी लांब ट्रेसिंग पेपर लावून सगळ्या खुणा तारखांसकट उतरवून घेतल्या, घडी घालून वहीत लावल्या, आणि इथे नव्या चौकटीवर त्याच मापाने परत आखल्या. सासूबाई म्हणाल्या, "रंग नवीन आहे गं," आणि मग त्यांनीच पेन्सिल धरून लेकीला सरळ उभं राहा म्हटलं.

सध्या गणपतीचं पान चालू आहे. या घरात पहिलाच गणपती आणि बसवायचा कुठे यावर रोज रात्री जेवताना बैठक बसते. सासूबाईंना पूर्वेला तोंड हवंय, ती भिंत नेमकी बाल्कनीच्या सरकत्या दाराची, नवरा म्हणतो टीव्ही काढून ती जागा देऊ, लेकीला खिडकीत हवाय म्हणजे खालच्या मैत्रिणीला दिसेल. मी तिन्ही जागांचे छोटे नकाशे काढलेत, मखराची रुंदी दोन फूट धरून, आरतीला किती जणांना उभं राहता येईल ते ठिपक्यांनी दाखवून. टीव्हीच्या जागी अठरा ठिपके मावतात, बाल्कनीच्या दारापाशी अकरा. गौरी आमच्याकडे उभ्याच्या असतात, त्यांना शेजारी जागा लागते हे नवरा विसरला होता, ते आता लाल पेनाने लिहिलंय. उद्या सुतार आला तर चौरंगाचं माप त्यालाच विचारते.